‘जर’ कोणाचा आणि ‘तर’ कोणाचे? तापमानवाढीच्या अनुमानांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक वाक्य ऐकवले जाते : इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही. पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर पुढे काय घडले असते, हा प्रश्न गप्पांत रंगतो, उत्तरपत्रिकेत त्याला गुण मिळत नाहीत. परंतु विज्ञानाच्या इतिहासात असा एक विषय आहे, ज्याचा सारा डोलारा ‘जर-तर’वरच उभा आहे. तो म्हणजे हरितगृह वायूंमुळे पृथ्वी पुढे किती तापेल, याची अनुमाने. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ या अनुमानांविषयी समाजमाध्यमांवर दोन आवाज सतत ऐकू येतात. एक म्हणतो, ‘शास्त्रज्ञांची भाकिते दरवेळी फसली.’ दुसरा म्हणतो, ‘शतकाअखेरीचा विनाश ठरलेला आहे, आता काही उरले नाही.’ हे दोन्ही आवाज एकच चूक करतात, असे माझे मत आहे. दोघेही वाक्यातला ‘जर’ गाळतात आणि उरलेले ‘तर’ तेवढे वाचतात.

३/ भेद आधी स्पष्ट करू. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊस-पिकाचे भाकीत सांगितले जाते. ते बिनशर्त असते. हवामानशास्त्राचे अनुमान सशर्त असते : वातावरणात इतका वायू साठला, तर तापमान इतके वाढेल. ‘जर’चा भाग माणसाच्या वर्तनाविषयी आहे, म्हणजे कोळसा, तेल, जंगल, लोकसंख्या, राजकारण. ‘तर’चा भाग भौतिकशास्त्राचा. या दोहोंची परीक्षा वेगवेगळी घ्यावी लागते.

४/ प्रारंभ स्टॉकहोममध्ये. १८९४ च्या नाताळात स्वांते आऱ्हेनियसने एक किचकट गणित हाती घेतले. त्याला हिमयुगाचे कोडे सोडवायचे होते. चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची सॅम्युएल लँगली यांनी केलेली मोजमापे त्याने आधाराला घेतली आणि पृथ्वीचे अक्षांशांनुसार पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याचा ऋतुवार हिशेब हाताने मांडला. या कामात सुमारे वर्ष गेले. १८९६ साली निबंध प्रसिद्ध झाला : हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल.

५/ हे ‘तर’ आजच्या मान्य आकड्यापेक्षा चढे आहे, पण त्याच घरातले आहे. त्याचा ‘जर’ मात्र पार कोसळला. त्या काळच्या कोळशाच्या वापरावरून त्याला वाटले, की हवेतील या वायूचे प्रमाण दीडपट व्हायला सुमारे ३००० वर्षे लागतील. औद्योगिक युगापूर्वी हे प्रमाण दशलक्षांमागे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे, म्हणजेच दीडपट. निबंधाला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. प्रकाश आणि उष्णतेचे गणित त्याला जमले. विसाव्या शतकाची भूक त्याच्या कल्पनेत मावली नाही.

६/ त्याच्या ‘तर’वरही हल्ला झाला आणि तो गंभीर होता. १९०० साली त्याचाच देशबंधू क्नुट ओंगस्ट्रोम याने आक्षेप घेतला, की हा वायू जेवढी उष्णता अडवू शकतो तेवढी आधीच अडवतो आहे, भर पडल्याने फरक पडणार नाही. हा मुद्दा अनेक दशके विद्वानांना पटत राहिला. त्याचे उत्तर वातावरणाच्या वरच्या विरळ थरांत दडले होते. पृथ्वीची उष्णता अवकाशात सुटते ती तिथून. तिथे वायू वाढला, की सुटकेची पातळी आणखी उंच, आणखी थंड थरात सरकते आणि थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. १९५० च्या दशकात गिल्बर्ट प्लास यांच्या गणनांनंतर ही शंका मागे पडली.

७/ मधल्या काळातला नायक हवामानशास्त्रज्ञ नव्हता. गाय कॅलेंडर हा इंग्लंडमधील वाफेच्या यंत्रशास्त्राचा अभियंता. १९३८ साली त्याने जगभरातील १४७ केंद्रांच्या तापमाननोंदी जुळवून दाखवले, की पृथ्वी तापू लागली आहे. दुपटीचे त्याचे अनुमान २ अंशांचे. ‘तर’ पुन्हा योग्य घरात. आणि ‘जर’? त्याच्या तक्त्यात बाविसाव्या शतकासाठी दशलक्षांमागे सुमारे ३६० भाग असा आकडा होता. ती पातळी १९९० च्या दशकातच ओलांडली गेली.

८/ रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीत हा निबंध वाचला गेला, तेव्हा शंका घेणाऱ्यांत सर जॉर्ज सिम्पसन होते. हे तेच सिम्पसन, ज्यांनी सिमल्यात भारतीय हवामान खात्यात नोकरी केली होती आणि स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत हवामानतज्ज्ञ म्हणून भाग घेतला होता. त्यांना आज खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. वातावरणातील हवेच्या हालचालींचा विचार न करता केवळ किरणांचा हिशेब पुरेल का, ही शंका त्या काळी रास्त होती. शंका घेतली गेली म्हणूनच पुढचे गणित पक्के झाले.

९/ ते पक्के झाले संगणकामुळे. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआवर या वायूचे सलग मोजमाप सुरू केले. सुरुवातीचा आकडा दशलक्षांमागे सुमारे ३१५. १९६७ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हवेचे अभिसरण व बाष्प यांचा समावेश असलेले प्रतिमान, म्हणजे मॉडेल, मांडले. दुपटीला सुमारे २.३ अंश असे त्याचे उत्तर होते.

१०/ या निबंधातले दुसरे अनुमान अधिक मोलाचे होते : जमिनीलगतची हवा तापेल आणि त्याच वेळी स्थितांबर, म्हणजे वरचा थर, थंड होईल. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर दोन्ही थर तापले असते. पुढे उपग्रह व फुग्यांच्या नोंदींत स्थितांबर थंड होत असल्याचे दिसले. ओझोनच्या ऱ्हासाचाही त्यात वाटा आहे. परंतु ओझोनथराच्या वर गेल्यावरही थंडावा दिसतो, आणि तिथे कार्बन डायऑक्साइडची खूण स्वच्छ उमटते. २०२१ साली मानाबे यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

११/ १९७९ साली ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकेतील वुड्स होल येथे एक छोटी समिती बसली. तिचा निष्कर्ष : दुपटीला ३ अंश, दीड अंश इकडे-तिकडे. २०१३ च्या आयपीसीसी अहवालातही कक्षा तीच होती, १.५ ते ४.५. चौतीस वर्षांत ती तसूभरही आक्रसली नाही, हे टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. ढगांचे वर्तन हे त्याचे मुख्य कारण. २०२१ च्या अहवालात ती २.५ ते ४ वर आली आणि मध्य ३ वरच राहिला. अनिश्चितता खरी आहे, पण तिच्या तळाशी शून्य कधीच नव्हते.

१२/ आता या वादातील सर्वांत गाजलेले प्रकरण. २३ जून १९८८, वॉशिंग्टनमधील कडक उन्हाळ्याचा दिवस. नासाचे जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितले, की तापमानवाढ नैसर्गिक चढउतार नसल्याची आपल्याला ९९ टक्के खात्री वाटते. त्यांच्या आलेखात भविष्याच्या तीन रेषा होत्या. ‘अ’ : उत्सर्जन चक्रवाढीने वाढत राहील. ‘ब’ : वाढीचा वेग मंदावेल. ‘क’ : इतकी कठोर कपात होईल, की २००० नंतर उष्णतेचा भार वाढणे थांबेल. एकाच ‘तर’साठी तीन वेगळे ‘जर’. त्याच वर्षीच्या शोधनिबंधात ‘ब’ ही बहुधा सर्वांत संभाव्य वाट असल्याचे नोंदवले होते.

१३/ दहा वर्षांनी, जुलै १९९८ मध्ये, पॅट्रिक मायकेल्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर हॅन्सनचे भाकीत फसल्याचे सांगितले. त्यांनी दाखवलेल्या आलेखात एकच रेषा होती, ‘अ’. उरलेल्या दोन गायब. २००४ साली मायकेल क्रायटन यांच्या कादंबरीतून हीच कथा लाखो वाचकांपर्यंत गेली. आपल्याकडे राजवाड्यांनी बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा, असा आग्रह धरला तो याचसाठी. मूळ आलेख आणि त्याची बखर यांत दोन रेषांचे अंतर पडले होते.

१४/ अस्सल कागद पाहायचा, तर तो पुरता पाहावा. साक्षीत हॅन्सन यांनी स्वतःच ‘अ’ला ‘आहे तसेच चालू राहिले तर’ असे म्हटले होते, त्यामुळे गोंधळाला त्यांनीही वाट करून दिली. शिवाय ‘ब’ रेषाही प्रत्यक्ष तापमानाच्या बरीच वर गेली. यामागे दोन कारणे दिसतात. त्यांच्या प्रतिमानाची संवेदनशीलता ४.२ अंश होती, म्हणजे चढी. आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचे उत्सर्जन घटले, मिथेनची वाढही मंदावली. उष्णतेचा प्रत्यक्ष भार ‘ब’मध्ये धरल्यापेक्षा कमी निघाला. ‘जर’ बदलला होता आणि तो काही अंशी माणसांनी एकत्र बसून बदलला होता.

१५/ त्याच चमूची आणखी एक कसोटी फारशी सांगितली जात नाही. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. यावेळी ‘जर’ आयता हाती आला, कारण गंधकाची किती धूळ वर गेली हे मोजता येत होते. हॅन्सन यांच्या गटाने पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल, असे आगाऊ प्रसिद्ध केले. जवळपास तसेच घडले. ‘जर’ ठाऊक असेल, तेव्हा ‘तर’ कसे उतरते याचे हे स्वच्छ उदाहरण.

१६/ ज्यांचा या निष्कर्षांत तोटा होता, त्यांचे कागद काय सांगतात? साधनचिकित्सेत हा प्रश्न विचारावाच लागतो. एक्सॉन या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेली अनुमाने सुप्रान, राम्स्टॉर्फ आणि ओरेस्केस यांनी २०२३ साली तपासली. त्यांपैकी ६३ ते ८३ टक्के अचूक ठरली. दर दशकाला सुमारे ०.२ अंश, हीच गती कंपनीच्या दप्तरातही होती. त्याच काळात कंपनी जाहीरपणे मात्र या प्रतिमानांच्या अनिश्चिततेवर बोट ठेवत राहिली. विरोधी पक्षाच्या दप्तरात सापडलेला पुरावा इतिहासकार वजनदार मानतो.

१७/ एकेक किस्सा पुरे, सरासरी काय सांगते? झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेली १७ अनुमाने प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष २०२० च्या सुमारास प्रसिद्ध केले. थेट तुलनेत १० जुळली. मग प्रत्येक अनुमानात धरलेला उष्णतेचा भार आणि प्रत्यक्षातला भार यांतील फरक हिशेबात घेतला, तेव्हा जुळणाऱ्यांची संख्या १४ झाली. दहा आणि चौदा यांमधले अंतर हा ‘जर’चा दोष. उरलेले तीन, हा ‘तर’चा.

१८/ ‘जर’ कायम एकाच दिशेला चुकतो, असेही नाही. आऱ्हेनियस आणि कॅलेंडर यांनी उत्सर्जन कमी धरले. आयपीसीसीच्या १९९० च्या पहिल्या अहवालाने ते जास्त धरले. त्यातल्या ‘चालू राहिले तर’ वाटेवर दर दशकाला सुमारे ०.३ अंश वाढ अपेक्षित होती, प्रत्यक्षात ती ०.२ च्या आसपास राहिली. सोव्हिएत संघाचे विघटन, माँट्रियल करार, मिथेनची मंदावलेली वाढ, यांपैकी काहीच कोणत्याही भौतिक समीकरणात बसत नव्हते. भविष्याचा इतिहास आधी लिहिता येत नाही, हे इथे उघड दिसते.

१९/ आजचा सर्वांत तापलेला वाद याच जागेवर आहे. ‘आरसीपी ८.५’ नावाचे परिदृश्य शतकभर कोळशाची प्रचंड वाढ गृहीत धरते आणि शतकाअखेर ४ अंशांच्या वर नेते. अनेक निबंधांत आणि बातम्यांत ते ‘आहे तसे चालू राहिले तर’ म्हणून वावरले. जानेवारी २०२० मध्ये हाउसफादर आणि ग्लेन पीटर्स यांनी ‘नेचर’मध्ये हे नाव दिशाभूल करणारे असल्याचे मांडले. त्याच वर्षी श्वाम आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की आजवरचे एकूण संचित उत्सर्जन याच परिदृश्याशी सर्वांत जवळून जुळते. माझ्या मते पहिली बाजू अधिक बळकट आहे. आजवरची जुळणी पुढच्या ऐंशी वर्षांच्या कोळशाची हमी देत नाही. परंतु वाईटात वाईट शक्यता तपासण्यासाठी ते परिदृश्य वापरणे योग्यच, फक्त त्याच्या खऱ्या नावाने.

२०/ हे आपल्या दाराशी कसे येते? २०२० साली भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा हवामानबदलावरील अहवाल आला. त्याच्या कामात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. याच संस्थेचे प्रतिमान आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठी वापरले गेलेले पहिले भारतीय प्रतिमान. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, असे त्या अहवालात नोंदवले आहे. ही मोजलेली गोष्ट. शतकाअखेर ४.४ अंशांची वाढ, हे आरसीपी ८.५ खालचे अनुमान. अनेक मथळ्यांत ४.४ राहिले आणि ‘आरसीपी ८.५’ गळाले. मध्यम वाटेचा, बराच कमी आकडा त्याच अहवालात होता, पण तो मथळ्यात चढला नाही.

२१/ मग धोका फुगवलेला होता का? नाही. सध्याच्या धोरणांनी जग शतकाअखेर साधारण ३ अंशांच्या आसपास पोहोचेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे अलीकडचे अहवाल सांगतात. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण होते, आणि एवढ्यावरच विदर्भातला मे कसा असतो हे आपण पाहतो. ३ अंश ही सरासरी समुद्रासह साऱ्या पृथ्वीची आहे, जमीन तिच्याहून जास्त तापते. चारवरून तीनवर येणे ही सुटका नव्हे. मात्र आकडा हलू शकतो, याचा तो पुरावा आहे, आणि निराशेचे दुकान मांडणाऱ्यांना नेमके हेच अडचणीचे ठरते.

२२/ शेवटचा प्रश्न सर्वांत राजकीय आहे : हा ‘जर’ लिहितो कोण? १९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका अमेरिकी संस्थेच्या हिशेबावर टीका करताना विचारले होते, की गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसे तोलता? अलीकडे तेजल कानिटकर, टी. जयरामन आणि सहकाऱ्यांनी आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातील ५५० हून अधिक परिदृश्ये तपासली. त्यांना आढळले, की त्यांत २०५० सालीही दक्षिण आशिया आणि सहारादक्षिण आफ्रिकेचे दरडोई उत्पन्न जगाच्या सरासरीखालीच धरलेले आहे. पृथ्वी वाचवण्याच्या आराखड्यात आपले दारिद्र्य गृहीतक म्हणून बसलेले असेल, तर त्यावर बोलण्यासाठी भौतिकशास्त्र नाकारावे लागत नाही. भांडण ‘तर’शी नाही, ‘जर’शी आहे.

२३/ म्हणून मित्रहो, एवढी सवय लावून घ्यावी. ‘२१०० साली इतके अंश’ असा मथळा दिसला, की चार प्रश्न विचारावेत. उत्सर्जनाची कोणती वाट धरली आहे? तुलना कोणत्या काळाशी आहे? आकडा एकच आहे की कक्षेतला मधला? आणि ती वाट कोणी, कोणासाठी आखली? जुने अनुमान फसले असे कोणी सांगितले, तर मूळ आलेख मागावा आणि त्यात किती रेषा होत्या ते मोजावे. शिलालेख किंवा सनद वाचताना आपण हेच करतो.

२४/ आऱ्हेनियसच्या ‘तर’वर विश्वास ठेवण्याइतका पुरावा सव्वाशे वर्षांत जमला आहे. ‘जर’वर विश्वास ठेवण्याची गरजच नाही, कारण तो अजून लिहिला जातो आहे : वीजकेंद्रांच्या निविदांत, अर्थसंकल्पांत, आंतरराष्ट्रीय करारांत आणि मतपेटीत. आज विशी-पंचविशीत असलेल्यांची मुले २१०० साल पाहतील. तेव्हाच्या इतिहासाच्या वर्गात ‘जर-तर’ला स्थान नसेल. आपल्या काळाचा ‘जर’ तोवर घडून गेलेला असेल आणि आपण त्याचे लेखक म्हणून तपासले जाऊ.

धागा समाप्त. मतभेद असतील तर खाली जरूर मांडा, मात्र सोबत मूळ आलेख जोडा.